मूठभर बाजरी

साताऱ्याला माणसे जातात ती बहुधा साताऱ्यासाठी नव्हे. कुणाला कासच्या पठारावरची फुले पाहायची असतात, कुणाला सज्जनगडाच्या पायऱ्या चढायच्या असतात, कुणी ठोसेघरचा धबधबा पाहायला निघालेला असतो, आणि उरलेले सारे कोल्हापूरच्या वाटेवर घटकाभर थांबून कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घेतात व गाडीत बसतात. पोवई नाक्यावर उतरून, 'आता इथेच काय ते पाहू,' असे म्हणणारा प्रवासी विरळा.

आम्हीही गेल्या मार्गशीर्षात तेथे उतरलो ते पुढे जाण्यासाठीच. मात्र आमची वाट कासची नव्हती की सज्जनगडाचीही नव्हती. ती होती माणदेशची. तेथल्या एका वाडीत आम्हाला एका मुलीला भेटायचे होते. मुलगी नववीत. नात्याने आमची कुणी नव्हे. आमच्या इमारतीतली चार बिऱ्हाडे मिळून तीन वर्षांपूर्वी एका संस्थेमार्फत चार मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलू लागली, त्यांपैकी आमच्या वाट्याला आलेली ही. संस्थेच्या कागदावर आम्हाला 'दत्तक पालक' असे म्हटले आहे. हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. मुलींची शाळा सुटू नये म्हणून सरकारने १९८३ साली सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने दत्तक पालक योजना काढली, तेव्हापासून तो गावोगावच्या गुरुजींच्या तोंडी आहे. शब्द मोठा आहे खरा. दत्तक घेतले की नाव द्यावे लागते, घर द्यावे लागते, वारसा द्यावा लागतो. येथे आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवर दोन बोटे टेकवतो आणि हजार रुपये जातात. पण दुसरा सोयीचा शब्द कुणाला सुचलेला नाही.

तसे पाहिले तर आपल्याकडे दुसऱ्याच्या मुलाला पोसण्याची रीत फार जुनी. माझे आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरी. ते सुटले नाहीत म्हणून आजोबा शिकले, आणि आजोबा शिकले म्हणून आम्ही आज चौथ्या मजल्यावर राहतो. त्याबद्दल त्या सात घरांचे ऋण आमच्यावर आहे. तरी पण एक गोष्ट मला लहानपणापासून नवलाची वाटे. ऐंशीव्या वर्षी आजोबांना त्या घरांतली भाजी कोणती असे ते आठवत नसे. कुणाच्या घरी त्यांचे पान घरच्यांच्या पंगतीत मांडीत आणि कुणाच्या घरी ओसरीवर, हे मात्र वारानुसार पाठ होते. गुरुवारच्या घरची बाई ताक वाढताना तांब्या किती उंच धरी, हेसुद्धा.

हे सारे मनात होते म्हणून असेल, पण माणदेशची वाट धरण्याआधी साताऱ्यात थोडे थांबावे असे मीच सुचवले. पोवई नाक्याजवळ कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी आहे. तेथे रयत शिक्षण संस्थेचे मुख्य कार्यालयही आहे. आमच्याबरोबर एक निवृत्त बँक अधिकारी होते. इमारतीत त्यांना सारेजण 'बँकवाले काका' म्हणतात. त्यांनी घड्याळ पाहून वीस मिनिटे मंजूर केली. प्रत्यक्षात आम्ही तेथून हललो ते सव्वा तासाने.

भाऊरावांची गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते आणि म्हणून विसरलेली असते. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. जैन घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला हा मुलगा गेला. परतल्यावर आंघोळ करून मगच जेवायला ये असे सांगण्यात आले, तेव्हा याने आंघोळ करायचे नाकारले आणि बोर्डिंगातून नाव कापून घेतले. जेवणाच्या पंगतीवरून घर सोडावे लागलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर दुसरे काही केले नाही. पंगत मांडली आणि तिच्यात सगळ्यांना एका ओळीत बसवले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. धनिणीच्या बागेत सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग चालू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव मिळाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सारी मुले एका चुलीवरचे जेवत. नुसती जेवत नसत. तीच स्वयंपाक करीत, तीच पाणी भरीत, शेतात राबत. एकदा कोठीत दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडायला दिले. ही गोष्ट ऐकून डोळे पुसण्याची आपल्याला सवय आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी तशा रडक्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "मंगळसूत्र एकदाच मोडता येतं हो. दुसऱ्या महिन्याला काय केलं?"

प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्याचे उत्तर समाधीजवळ उभे राहून द्यायला मला आवडले. दुसऱ्या महिन्याला, आणि त्यानंतरच्या कितीतरी महिन्यांना, मूठ होती. भाऊराव गावोगाव हिंडत आणि घरटी मूठमूठ धान्य गोळा करीत. त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या घरात स्वतःलाच पुरत नाही त्या घरातलीही मूठ त्यात असे. आता त्या बोर्डिंगातल्या मुलाने ताटातली भाकरी कुणाची म्हणून सांगावे? ती एका शेटजीची नव्हती की एका सरदाराची नव्हती. शंभर घरांची पिठे तिच्यात मिसळलेली. शिवाय तिच्यासाठी त्याने स्वतः सकाळी दोन तास कुदळ मारलेली. १९४० साली सातारलाच महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेही याच तत्त्वावर: फी नाही, राहणे-खाणे आहे, पण काम करून. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असे संस्थेचे घोषवाक्य आहे. आज सातशेंहून अधिक शाखा झाल्या, त्यांच्या भिंतींवर ते रंगवलेले असते आणि जाणारे-येणारे ते वाचीत नाहीत. आमच्या काकांनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "म्हणजे उपकार बिनव्याजी, पण मुद्दल फेडून घेतलेले."

साताऱ्याहून पंढरपूरचा रस्ता धरला की कोरेगावपर्यंत ऊस आणि हिरवेपणा सोबत असतो. पुढे वर्धनगडाचा घाट लागतो. घाट तो केवढा! खंबाटकी चढून आलेल्याला तो घाट वाटणारही नाही. पण तो ओलांडला की हवा बदलते, मातीचा रंग बदलतो. पुसेगाव येते, सेवागिरी महाराजांच्या यात्रेसाठी मांडव पडू लागलेले दिसतात, आणि मग दोन्ही बाजूंना उघडे डोंगर सुरू होतात. पावसाळी ढग सह्याद्रीवर रिते होऊन येतात. येथवर पोचतात ते बहुधा सावली देण्यापुरते. माणगंगा नावाची नदी आहे. वर्षाचे बरेच महिने ती नदी आहे हे पुलामुळे कळते. रस्त्याकडेला बाभळी, मेंढ्यांचे कळप, शाळूची कमरेइतकी ताटे. व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातले; त्यांची १९५५ सालची 'बनगरवाडी' वाचलेल्या माणसाला दहिवडीच्या पुढे प्रत्येक वळणावर तो पोरसवदा मास्तर चालत येताना दिसेल. आता वाटेवर डांबर आहे, खांबांवर वीज आहे, धनगराच्या पोराच्या खिशात फोन आहे. पाऊस तेवढा तेव्हाइतकाच. १९७२ चा दुष्काळ येथले म्हातारे सांगतात, आणि २०१२-१३ चा दुष्काळ, जनावरांच्या छावण्यांचा, शाळकरी मुलेही घरात ऐकून सांगतात.

गाडीत वाद निघाला. असा वाद निघण्यासाठी गाडीत पाचवा माणूस लागतो आणि तो आमच्याकडे होता. वहिनींचा धाकटा मुलगा, अर्थशास्त्र शिकणारा. त्याचे म्हणणे असे की एका मुलाला निवडून पैसे देणे ही देणाऱ्याच्या समाधानाची युक्ती आहे. छायाचित्र मिळते, वर्षाला एक पत्र येते, आपल्याला बरे वाटते. खरे म्हणजे वाडीला पाणी द्यावे, रस्ता द्यावा.

मुलगा हुशार आहे आणि त्याचे म्हणणे निराधारही नाही. ही पद्धत पाश्चात्त्य देशांत वाढली तीच मुळी छायाचित्रावर. ज्या १९१९ साली काले गावी रयत निघाली त्याच साली लंडनला एग्लंटाइन जेब नावाच्या बाईने ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांची चित्रे असलेली पत्रके वाटली, त्याबद्दल तिला पकडून पाच पौंड दंड झाला, आणि तो दंड म्हणे फिर्यादी पक्षाच्या वकिलानेच भरला. त्यातून 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी राहिली. पुढे १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराला होझे नावाचा एक पोरका मुलगा भेटला. मला गोळी घालतील, माझ्या मुलाला सांभाळा, अशा अर्थाची बापाची चिठ्ठी त्याच्यापाशी होती. एका मुलामागे एक दूरचा पालक ही योजना लँग्डन-डेव्हिसने त्यानंतर मांडली. 'मुले उपाशी आहेत' म्हटले तर लोक हळहळतात. 'हा होझे उपाशी आहे' म्हटले तर खिशात हात घालतात. माणसाच्या मनाची ही घडण आहे, तिला नावे ठेवून काय करणार? पुढे याच संस्थांपैकी काहींनी मुलाच्या नावाने आलेला पैसा साऱ्या गावाच्या विहिरीला नि शाळेला लावायला सुरुवात केली, म्हणजे आमच्या अर्थशास्त्र्याचेच म्हणणे मान्य केले.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती आकड्यांची असल्यामुळे काकांनी खिशातल्या टिपणवहीतून काढली. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी भारत, केनिया, युगांडा, फिलिपीन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया अशा सहा देशांत, एका संस्थेने असे सांभाळलेल्या मुलांची मोठेपणी गाठ घेतली. दहा हजारांवर माणसांची ही पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना पालक मिळाला ती मुले न मिळालेल्यांपेक्षा सरासरीने एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती.

"एक-दीड वर्ष फक्त?" मुलगा म्हणाला.

"नववीपासून दीड वर्ष मोज," काका म्हणाले, "म्हणजे कळेल."

आमच्या मुलीचे नाव मी सांगणार नाही, वाडीचेही नाही. उद्या ती मोठी होईल, आणि आपल्या गरिबीचे वर्णन कुणाच्या दिवाळी अंकात नावानिशी सापडावे असे तिला वाटणार नाही. मुख्य रस्ता सोडून आत एक मैल गेले की वीस-पंचवीस घरे. तिचे घर दगडमातीचे, वर पत्रा. वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. या भागातल्या माणसांनी तो हिंदुस्थानभर नेला. जे दुकानाचे मालक झाले त्यांनी गावाकडे बंगले बांधले. तिचे वडील दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहेत, त्यामुळे पत्रा. आई रोजाने खुरपायला जाते. घराचा कारभार आजीच्या हाती: चार शेळ्या, दोन एकर कोरडवाहू, आणि नातीचा अभ्यास.

संस्थेच्या कार्यकर्त्या बाई बरोबर होत्या. त्यांनी वाटेतच बजावले होते की कुणी परस्पर भेटवस्तू द्यायची नाही, छायाचित्रे काढायची नाहीत, पोरीला एकटीला बोलावून प्रश्न विचारायचे नाहीत. नियम चांगले आहेत. वहिनींनी आणलेली बाहुली गाडीतच राहिली; नववीतल्या मुलीला बाहुली काय करायची, हे तिला पाहिल्याबरोबर त्यांच्याही ध्यानात आले असावे.

मुलगी दाराशी उभी होती. दोन घट्ट वेण्या, शाळेचाच गणवेश, जरा उंच झालेला. तिने भिंतीकडे पाहत एका दमात म्हटले, "आपण माझ्या शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल मी आपली आभारी आहे आपले उपकार मी कधी विसरणार नाही." हेच वाक्य दर वर्षीच्या तिच्या पत्रात शेवटी असते. आमच्या सौभाग्यवतींना ते वाचताना नेहमीच ओशाळल्यासारखे होते, आता प्रत्यक्ष ऐकताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ताकाचा तांब्या आठवला. पोरीचा दोष नव्हता, बाईंचाही नव्हता. घेणाऱ्याने असे म्हणायचे असते, एवढेच कुणीतरी कधीतरी तिला शिकवले होते.

काकांनी तेवढ्यात तिची सुटका केली. त्यांनी विचारले, "शाळेला एस. टी. किती वाजता असते?"

आणि मग ती बोलू लागली. एस. टी.चा पास मुलींना फुकट आहे. पण सकाळची गाडी सात वाजता येते आणि शाळा भरते साडेदहाला. परतीची गाडी साडेचारला सुटते आणि शाळा सुटते पाचला. पास आहे, गाडी आहे, शाळा आहे. तिघांचे घड्याळ तेवढे वेगळे. पाच किलोमीटर चालत यायचे, थंडीत वाटेतच अंधार पडतो. तिच्या वर्गातल्या दोघी यामुळेच बसल्या. 'बसल्या' म्हणजे शाळा सोडून घरी बसल्या, आणि घरी बसलेली मुलगी फार दिवस घरी बसत नाही, तिचे लग्न ठरते. अठरा वर्षांचा कायदा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी शंभरात सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली.

शहरात आपल्याला वाटते, शिक्षण तर फुकट आहे, मग पैसे लागतात कशाला? त्याचे उत्तर बाईंच्या वहीत होते. फी नाहीच, मुलींना बारावीपर्यंत नाही. आठवीपर्यंत पुस्तकेही मिळतात आणि दुपारची खिचडीही. नववीत पाऊल टाकले की पुस्तके विकत आणि डबा घरचा. म्हणजे ज्या वर्षी पोर खुरपे धरण्याजोगी होते, दिवसाला चार पैसे मिळवू शकते, नेमक्या त्याच वर्षी शाळा महाग होते. माणसे अडाणी असतात म्हणून पोरींना काढत नाहीत. त्यांचा हिशेब अगदी चोख असतो. त्या हिशेबात दुसऱ्या बाजूला थोडे वजन टाकणे, एवढेच त्या हजार रुपयांचे काम. वहीत एकेक रक्कम लिहिलेली होती: नववीची पुस्तके, वह्या, चष्मा, पायताण, सायकल. सायकल पहिल्या वर्षीची. आणि मग दर महिन्याला एक बारीक रक्कम, 'सोल्युशन व ठिगळ'.

"हे काय आहे?" काकांनी बोट ठेवले.

"बाभळी," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच हसली. वाटभर बाभळीचे काटे. आठवड्याला एक पंक्चर ठरलेले. दुकान दहिवडीला. म्हणून ती स्वतःच काढायला शिकली. परातीत पाणी घ्यायचे, ट्यूब फिरवायची, बुडबुडा येईल तिथे खूण करायची. आता वाडीतल्या साऱ्यांची पंक्चरे तीच काढते. आमच्या अर्थशास्त्र्याने विचारले, "पैसे घेतेस का?"

"धा रुपयं," परस्पर आजीनेच सांगितले. "फुकट काढली तर रोज येत्याल की."

दुपारी जेवण झाले. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, ठेचा, वहिनींनी आणलेला लाडू. पंगत एकच होती. आजी मात्र बसली नाही, वाढत राहिली. निघायची वेळ झाली तेव्हा तिने कोपऱ्यातून एक पिशवी ओढली. पाच-सहा किलो बाजरी होती. या सालचा पाऊस कसा झाला होता ते येताना रस्त्यातच पाहिले होते, घरातली कणगी किती भरली होती तेही बसल्या जागेवरून दिसत होते.

सौभाग्यवती घाईने म्हणाल्या, "अहो आजी, हे कशाला? तुम्हालाच लागेल. आम्ही काही घ्यायला आलो नाही."

म्हातारीने पिशवी खाली ठेवली नाही.

"घ्यायचं तेवढं आमीच घ्यायचं, आन् तुमी रिकाम्या हातानं जायाचं," ती म्हणाली, "मग माझ्या पोरीनं मान वर कवा करायची, ताई?"

कुणी काही बोलले नाही. बाई आपल्या नियमांत परतीच्या भेटीबद्दल काही लिहिले आहे का, याचा विचार करीत असाव्यात. काका पुढे झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या त्या माणसाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "आजी, पोचली." तेवढे दोनच शब्द, पावती फाडून द्यावी तसे. म्हातारीचा चेहरा सैल झाला. मला वाटते, त्या क्षणी व्यवहार पुरा झाला. तीन वर्षे तो एका बाजूनेच चालला होता.

साताऱ्यात सकाळी ऐकवलेली मुष्टिफंडाची गोष्ट वहिनींनाही आठवली असली पाहिजे, कारण त्यांनीच दहावीनंतरचा विषय काढला. गावात पुढे शाळा नाही. दहिवडीला जायचे तर तेच घड्याळ, तीच एस. टी. साताऱ्याला वसतिगृह आहे. पण आजी वसतिगृहाचे नाव निघताच आखडली. तिला वाटत होते, तिथला खर्चही आम्हीच भरू म्हणणार; आणि आमच्यातले दोघे खरोखरच तसे म्हणण्याच्या बेतात होते. बाईंनी समजावून सांगितले की रयतच्या महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना अजून चालते. मुले वाचनालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करतात आणि त्याचा मोबदला मिळतो.

"म्हंजी हातानं काम करून शिकायचं?" आजीने विचारले.

"हो."

"आन् ह्यांचं?" आमच्याकडे मान.

"कमी पडेल तेवढंच यांचं."

म्हातारी थोडा वेळ शेळीच्या गळ्यातली दोरी सोडीत-बांधीत राहिली. मग म्हणाली, "तिच्या बापाला इचारते फोनवर." कार्यकर्त्या बाई नंतर गाडीपाशी म्हणाल्या की या घरात बापाला विचारायचे म्हणजे होकार ठरलेला, नकार असता तर आजीने स्वतःच दिला असता.

उन्हे उतरू लागली होती आणि ड्रायव्हरला वर्धनगडचा घाट उजेडात उतरायचा होता. आम्ही गाडीत बसलो. बाजरीची पिशवी काकांच्या मांडीवर. इतका वेळ दाराशी उभी असलेली मुलगी तेव्हा सायकल टेकवून खिडकीपाशी आली. आभाराचे वाक्य पुन्हा येणार असे वाटून सौभाग्यवतींनी हात पुढे केला. पण तिला दुसरेच विचारायचे होते, आणि ते तिने भिंतीकडे न पाहता विचारले. "तिथं तासाला किती देत्यात? आन् हातात देत्यात का खात्यावर?"

काकांनी टिपणवही उघडली. आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हते. त्यांनी तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला, खाली तारीख घातली, आणि सोमवारी साताऱ्याला फोन करून कळवतो म्हणून सांगितले.